शेप ऑफ वॉटरमधला शेजारी आणि स्टेप ब्रदर्समधला बाप एकच माणूस आहे का?

जळगावचा_हौशी_नट

मंडळी, एक प्रश्न विचारायचाय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी जळगावचा. दिवसा पतपेढीत कॅशला बसतो आणि संध्याकाळी हौशी नाटक. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला आमचा ग्रुप उतरतो आणि मला रोल ठरलेले, बाप, डॉक्टर, इन्स्पेक्टर, फार तर सरपंच. टक्कल लवकर पडलं त्याचा परिणाम, दुसरं काय. ह्या वेळी पण हिरॉइनचा बापच आहे, दोन एंट्र्या, आणि दुसऱ्या एंट्रीत पोरगी आणि जावई भांडत असतात आणि मी खुर्चीत बसून ऐकायचं, एक वाक्य नाही. दिग्दर्शकाला म्हटलं मी काय करू, तर म्हणे काही करू नका काका, नुसतं बसा. आता नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं हे कोणी सांगत नाही.

तर ह्याच्यामुळे सध्या सिनेमा बघताना हिरोपेक्षा असल्या बाजूच्या लोकांवरच माझी नजर. मे महिन्यात आमच्याकडे रात्री एक वाजेपर्यंत घरात झोपणं होतच नाही, भिंतीला हात लावला तर गरम, म्हणून गच्चीवर गादी टाकून मोबाईलवर सिनेमे बघून राहिलो होतो. आधी 'द शेप ऑफ वॉटर' बघितला. त्यात त्या मुक्या हिरॉइनचा शेजारी आहे, जाहिरातींची चित्रं काढणारा म्हातारा, विग घालतो, घरात मांजरी. फार आवडला. मग भाच्याने 'स्टेप ब्रदर्स' लावून दिला, त्यातला तो डॉक्टर बाप, घरात बसून खाणारे दोन घोडे सांभाळता सांभाळता वेड लागायची पाळी आलेला. हसून हसून पोट दुखलं पण मध्येच वाटलं की ह्याला कुठेतरी बघितलंय. आणि परवा बायकोबरोबर 'ईट प्रे लव्ह' बघताना आश्रमात तो टेक्सासवाला येतो ना, तेव्हा मी उठूनच बसलो. तोच की!

तिन्ही एकच माणूस आहे का? असेल तर हा कोण, आला कुठून, आणि ह्याचं अजून काय बघू? मेकअप म्हणावा तर एक विग सोडला तर काहीच दिसत नाही, मग दर वेळी वेगळा कसा वाटतो हो?

गल्ली_नंबर_५_धुळे

हो भाऊ, तिन्ही एकच. रिचर्ड जेंकिन्स. माझ्या आवडीचा विषय काढला तुम्ही, आता ऐकून घ्या.

जन्म १९४७ चा, इलिनॉय राज्यातलं डीकाल्ब गाव, वडील डेंटिस्ट. इलिनॉय वेस्लियन युनिव्हर्सिटीतून नाटकाची डिग्री. नट म्हणून पोट भरायला लागायच्या आधी हा लॉन्ड्रीचा ट्रक चालवायचा, आणि तिथे ह्याचा साहेब कोण होता माहितीये का, जॉन सी. रायली ह्या नटाचे वडील. आणि 'स्टेप ब्रदर्स'मध्ये ह्याचा जो सख्खा पोरगा दाखवलाय, ड्रमला हात लावू नको म्हणून भांडणारा, तोच जॉन सी. रायली. म्हणजे बापाच्या हाताखाली नोकरी केली आणि पुढे त्याच्याच पोराचा पडद्यावर बाप झाला. असं आपण एखाद्या नाटकात लिहिलं तर परीक्षक मार्क कापतील.

पण खरा मुद्दा पुढे आहे. डिग्री झाल्यावर हा गेला ऱ्होड आयलंडला, प्रॉव्हिडन्स शहरात ट्रिनिटी रेपर्टरी कंपनी म्हणून नाटक कंपनी आहे तिथे. न्यूयॉर्क नाही, हॉलिवूड नाही. तिथे कंपनीचा नट म्हणून १४ सीझन काढले. रेपर्टरी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायची गरज नाही पण बाकीच्यांसाठी सांगतो, नटांचा एक कायमचा संच असतो आणि सीझनमधली सगळी नाटकं तोच संच करतो. त्यामुळे ह्या नाटकात राजा तर पुढच्या नाटकात नोकर, मग एखादा खुनी, मग भोळा नवरा. तुझा चेहरा ह्या रोलला बसतो का असं विचारायची सोयच नसते, तू कंपनीत आहेस ना, मग कर. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे असं मला वाटतं. चौदा सीझन असं रगडून घेतल्यावर माणसाला मेकअपची गरज कशाला पडेल.

सिनेमात आला तोपर्यंत वय ३८. 'सिल्व्हराडो', १९८५, काऊबॉय सिनेमा, त्यात छोटंसं काम. दुसऱ्या वर्षी 'हॅना अँड हर सिस्टर्स'मध्ये एक डॉक्टर (घ्या, तुमचाच रोल). १९८७ ला 'द विचेस ऑफ ईस्टविक', त्यात जॅक निकल्सन सगळ्यांना खाऊन टाकतो पण एका झपाटलेल्या बाईचा पिचलेला नवरा आहे, तो हा. आणि गंमत बघा, सिनेमात थोडं नाव व्हायला लागलं तेव्हा हा गडी परत ट्रिनिटीला गेला आणि १९९० ते १९९४ त्या कंपनीचा आर्टिस्टिक डायरेक्टर म्हणून काम केलं. आपल्याकडे एखाद्याला सिरीयल मिळाली की तो परत तालमीला तोंड दाखवत नाही.

नंतर मग रांग लागली. 'फ्लर्टिंग विथ डिझास्टर' मध्ये सरकारी एजंट ज्याला चुकून नशेचं औषध पोटात जातं, 'अ‍ॅब्सोल्यूट पॉवर'मध्ये भाडोत्री मारेकरी, 'स्नो फॉलिंग ऑन सीडर्स'मध्ये शेरीफ. कोएन बंधूंच्या 'द मॅन हू वॉझन्ट देअर'मध्ये दारू पिणारा वकील. आणि २००१ ला 'सिक्स फीट अंडर' नावाची सिरीयल आली, अंत्यसंस्काराचा धंदा करणाऱ्या कुटुंबाची. त्यात हा घरचा कर्ता, आणि पहिल्याच एपिसोडमध्ये नवीन शववाहिका चालवताना बसने उडवला, मेला. मेला तर मेला पण पुढची पाच वर्षं पोरांच्या मनात येऊन गप्पा मारून जातो, सिगारेट ओढत, टोमणे मारत. मेल्यावरच जास्त मोकळा झालेला बाप. अमेरिकेत लोकांना चेहरा खरा ओळखीचा झाला तो ह्याच्यामुळे.

आणि मग २००८. हे एक वर्ष बघितलं तरी पुरे. एप्रिलमध्ये 'द व्हिजिटर', जुलैत 'स्टेप ब्रदर्स', सप्टेंबरमध्ये 'बर्न आफ्टर रीडिंग'. पहिल्यात बायको वारल्यावर आटून गेलेला प्रोफेसर, दुसऱ्यात तुमचा तो डॉक्टर, तिसऱ्यात जिमचा मॅनेजर जो आधी पाद्री होता आणि हाताखालच्या बाईवर मनातल्या मनात प्रेम करतो, आणि तिला ते शेवटपर्यंत समजत नाही. तिन्ही सिनेमांत केस तेवढेच, चेहरा तोच, शर्टही जवळपास तसेच. 'द व्हिजिटर' हा त्याला मिळालेला पहिला धडाचा मोठा हिरोचा रोल, साठीत. त्याच्यावर ऑस्करचं बेस्ट अ‍ॅक्टरचं नॉमिनेशन झालं, समोर ब्रॅड पिट, मिकी रूर्क, फ्रँक लँजेला आणि शॉन पेन. मिळालं शॉन पेनला, 'मिल्क'साठी. परत 'शेप ऑफ वॉटर'साठी सपोर्टिंगचं नॉमिनेशन, तेव्हा सॅम रॉकवेलला गेलं. मधे २०१५ ला एमी, म्हणजे तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार, मात्र घेतला, 'ऑलिव्ह किटरिज'साठी.

कुठून सुरू करायचं म्हणाल तर 'द व्हिजिटर'. एका बैठकीत, मोबाईल उलटा ठेवून. हो, आणि ते 'ईट प्रे लव्ह'मधलं आश्रमाचं शूटिंग आपल्याच देशात झालंय, हरियाणात पतौडीला.

रावेर_केळी_कट्टा

धुळेकर भाऊ, माहिती एक नंबर, पण माझं जरा वेगळं मत आहे, रागावू नका. तुम्हीच म्हणता चेहरा तोच, केस तेवढेच, शर्ट तसेच. मग ह्यात एवढं अष्टपैलू काय आहे? मला तर हा सगळीकडे सारखाच वाटतो, थकलेला, चांगल्या घरचा, चष्म्यावरून बघणारा माणूस. अष्टपैलू म्हणजे दिलीप प्रभावळकर. 'हसवाफसवी'त सहा माणसं उभी केली, प्रत्येकाची चाल वेगळी, आवाज वेगळा, पाठीचा बाक वेगळा, आणि त्याच माणसाने मुन्नाभाईत गांधीजी केले. किंवा तिकडचाच घ्यायचा तर फिलिप सीमोर हॉफमन, 'कपोटी'मध्ये आवाजापासून सगळं बदलून टाकलं आणि ऑस्कर घेऊन गेला. ह्याला म्हणतात काम. जेंकिन्सला मिळालेले रोल वेगवेगळे आहेत हे मान्य, पण रोल वेगळे मिळणं आणि नट वेगळा होणं ह्यात फरक आहे ना भो.

अमळनेरकर_मास्तर

रावेरकर, तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. प्रभावळकरांबद्दल तर कोणी वादच घालू नये. पण तुम्ही जे म्हणता तो एक रस्ता झाला, बाहेरून आत जाण्याचा. जेंकिन्सचा रस्ता दुसरा आहे आणि तो दिसत नाही म्हणून नाहीच असं समजू नका. मी शाळेत पोरांची नाटकं बसवण्यात आयुष्य घालवलं, आता रिटायर आहे, वेळ आहे, म्हणून दोन सिनेमे शेजारी शेजारी ठेवून सांगतो.

एक 'किलिंग देम सॉफ्टली', २०१२ चा. त्यात ह्याच्या पात्राला नावच नाही, नुसता ड्रायव्हर. गाडीत बसून ब्रॅड पिटशी माणसं मारायचे सौदे करतो. मारायचं कोणाला, किती पैसे, वरच्या लोकांची परवानगी आहे का. आणि तक्रार काय तर वरचे लोक धड निर्णय घेत नाहीत, सगळं कमिटीवर चालतं. शेवटी बारमध्ये पैसे मोजताना तर ठरल्यापेक्षा कमी देतो आणि म्हणतो मंदीचे भाव आहेत. अगदी आपल्याकडच्या कापसाच्या व्यापाऱ्यासारखा, ओलावा जास्त आहे म्हणून क्विंटलमागे कापून घेणारा.

दुसरा 'द केबिन इन द वूड्स', तोही २०१२ लाच आला. पांढरा शर्ट, टाय, कंट्रोल रूममध्ये खुर्ची, बाजूला ब्रॅडली व्हिटफर्ड. तिकडे जंगलात पोरं मरताहेत आणि इकडे ऑफिसात पैजा लागल्यात की कोणता राक्षस येईल.

आता बघा, दोन्हीकडे ऑफिसचा माणूस, दोन्हीकडे खुनाचं काम कारकुनासारखं करणारा, दोन्हीकडे तो बसलेला. म्हणजे तुमच्या हिशेबाने सारखाच हवा. पण ड्रायव्हर समोरच्याला ऐकताना सतत अस्वस्थ आहे, त्याला ब्रॅड पिटची भीती वाटते आणि ती तो कुरकुरीखाली लपवतो. कंट्रोल रूमवाल्याला कोणाचीच भीती नाही, तो समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मनात पुढच्या जोकवर गेलेला असतो. दोघांचं ऐकणं वेगळं. मी तर म्हणेन ह्या माणसाचं सगळं काम कानात आहे. समोरचा बोलतोय तेव्हा तो कोणाला ऐकतोय आणि कशासाठी ऐकतोय हे दर सिनेमात बदलतं, बाकी काही बदलायची त्याला गरज वाटत नाही.

आणि जळगावकर, तुमच्या खुर्चीबद्दल. तुमच्या दिग्दर्शकाने सांगितलंय ते चूक नाही पण अर्धवट आहे. तुम्ही 'द व्हिजिटर' बघाल तेव्हा सुरुवातीला लक्ष द्या. हा प्रोफेसर वर्षानुवर्षं एकच विषय शिकवतो, नवीन वर्षाचा अभ्यासक्रमाचा कागद काढायचा तर जुन्या कागदावरचं साल व्हाइटनरने पुसतो आणि वर नवीन टाकतो. संवाद नाही, संगीत नाही. सगळा माणूस कळला. आता तिथे एखादा दुसरा नट असता तर पुसताना उसासा तरी टाकला असता. हा टाकत नाही, कारण त्या माणसाला त्यात दुःख वाटतच नाही, हेच त्याचं दुःख आहे.

पुढे त्याच्या न्यूयॉर्कच्या बंद फ्लॅटमध्ये एक सीरियन पोरगा आणि त्याची सेनेगलची मैत्रीण राहताना सापडतात, कोणीतरी त्यांना फसवून भाड्याने दिलेला असतो. तो पोरगा तारेक ह्याला जेंबे, म्हणजे हाताने वाजवायचा आफ्रिकन ढोल, वाजवायला शिकवतो. मग तारेकला सबवेत पोलीस पकडतात, कागदपत्रं नाहीत म्हणून कोठडी. ह्या कोठडीच्या ऑफिसात जेंकिन्स परत परत जातो, बसतो, नंबर आला की खिडकीशी जातो, नम्रपणे विचारतो, परत येतो. सगळा सिनेमाभर आवाज वर गेलेला नाही. आणि एक दिवस खिडकीवर सांगतात की त्याला देशाबाहेर पाठवून दिलंय, खिडकीपासून बाजूला व्हा. तेव्हा हा फुटतो. ते ओरडणं बघा. चांगलं ओरडता येत नाही त्या माणसाला, सवय नाही, वाक्यं तुटतात, तेच तेच परत येतं. नटाला उत्तम ओरडता येत असताना पात्राला येत नाही म्हणून वाईट ओरडणं, ह्याला फार मोठी ताकद लागते. आणि मागचा दीड तास तो बसून ऐकत होता म्हणूनच ते अंगावर येतं.

तेव्हा खुर्चीत बसा, पण पोरगी बोलते तेव्हा काय ऐकायचं आणि जावई बोलतो तेव्हा काय ऐकायचं हे घरी ठरवून जा. हात मांडीवर ठेवू का, चष्मा पुसू का, ह्याचा विचार अजिबात करू नका.

शिरपूरना_जिभाऊ

हाऊ माणूस मी बी दखेल शे, जॅक रीचर मा. नाव आजच समजनं. तठे बी सरकारी वकील आणि हिरॉइनना बापच शे 😄 जळगावकर भाऊ, तुमना नशीबमा बाप लिखेल शे तर लिखेल शे, काय करतस आते.

औषधवाली_चोपडा

मी सहसा लिहीत नाही इथे, पण 'ऑलिव्ह किटरिज'चं नाव आलं म्हणून लिहिते. माझं चोपड्याला मेडिकल आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मीच बघते. त्या सिरीजमध्ये जेंकिन्स हेन्री म्हणून आहे आणि हेन्रीचं पण गावात औषधाचं दुकान असतं. एचबीओची चार भागांची सिरीज, फ्रान्सिस मॅकडॉर्मंड बायको, तोंडाने फटकळ, आणि हा अतिशय सज्जन.

आता दुकानात बसणाऱ्या माणसाला जे दिसतं ते सांगते. काउंटरच्या आतला माणूस दिवसभर लोकांशी गोड बोलतो, ते त्याचं कामच आहे. येणाऱ्याला दुखत असतं, तो चिडलेला असतो, कोणाकडे पैसे कमी असतात. मग ते गोड बोलणं अंगवळणी पडतं आणि घरी गेल्यावर पण सुटत नाही, आणि घरच्या माणसाला त्याचाच राग येतो. माझ्या नवऱ्याला विचारा. हेन्रीमध्ये जेंकिन्सने हे नेमकं पकडलंय. दुकानात डेनिस नावाची नवीन पोरगी कामाला ठेवतात, साधी भोळी, आणि हा तिच्याशी बोलताना जो फुलतो, त्यात वाईट काहीच नाही, पण आपल्याला कळतं की ह्याला घरी असं कोणी ऐकून घेत नाही. एक वाक्य पण वावगं बोलत नाही तो, आणि तरी ऑलिव्हला कळतं, आणि तिला कळलंय हे त्याला पण कळतं.

सज्जन माणूस करणं सगळ्यात अवघड असं मला वाटतं, कारण एकतर तो बावळट होतो नाहीतर देव होतो. हेन्री दोन्ही होत नाही. त्याच्या चांगुलपणाचा कधी कधी आपल्यालाही कंटाळा येतो, आणि तेव्हा ऑलिव्हची बाजू पटते! हा कंटाळा आणू देणं म्हणजे नटाने स्वतःची लोकप्रियता बाजूला ठेवणं. रावेरच्या दादांनी ही बघावी, मग बोलू.

अजून एक, ह्याच माणसाने डाहमरवरच्या सिरीजमध्ये त्या खुन्याचा बाप केलाय, २०२२ ची. मी दोन भागांवर गेले नाही, मला झेपत नाही तसलं. पण जेवढं बघितलं त्यात पोराने काय केलंय हे ऐकल्यावर बापाचा चेहरा, तेवढं लक्षात राहिलंय.

रावेर_केळी_कट्टा

ताई, बघतो. सध्या माल तोडणीला आलाय, रात्री दहा वाजता घरी येतो, तेव्हा चार भाग म्हणजे चार आठवडे समजा. मास्तरांचं ते ऐकण्याचं पटलं थोडं. तरी प्रभावळकर ते प्रभावळकर.

पण एक कबूल, 'स्टेप ब्रदर्स'मधला तो डायनासोरचा सीन मी यूट्यूबवर कितीतरी वेळा बघितलाय, तो हाच हे माहीत नव्हतं. अख्ख्या सिनेमात पोरांना ओरडणारा बाप, शेवटी पोरं सुधारतात, नोकरी करतात, टाय लावतात, आणि तेव्हा हा त्यांना सांगायला येतो की लहानपणी मला डायनासोर व्हायचं होतं. खूप मनापासून व्हायचं होतं. मग वडिलांनी समजावलं, मी डॉक्टर झालो आणि डायनासोर कसं व्हायचं ते विसरलो. तुम्ही विसरू नका रे. एवढं येडपट वाक्य आणि हा माणूस ते असं बोलतो जसं काही जमीन विकल्याचं सांगतोय. एकदा पण ओठाच्या कोपऱ्यात हसत नाही. मी हसता हसता गप्प झालो होतो, तेव्हा कळलं नव्हतं का.

भुसावळ_लोको

रनिंग रूममध्ये (आम्हा रेल्वेवाल्यांची ड्युटीमधली विश्रांतीची जागा) आम्ही 'लेट मी इन' बघितला होता, त्यात हा डोक्यावर काळी कचऱ्याची पिशवी घालून लोकांच्या गाडीत मागच्या सीटवर लपून बसतो. एका सीनमध्ये कॅमेरा गाडीच्या आतच आणि गाडी पलटी होते. नंतर ड्युटीला जाताना प्रत्येकाने आधी मागे वळून बघितलं, इंजिनात मागची सीट नसते तरी 😂 तो पण बाप म्हणूनच ओळखला जातो त्यात, खरा बाप नसला तरी.

जळगावचा_हौशी_नट

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. धुळेकर, मास्तर, ताई, सगळ्यांना धन्यवाद.

काल रात्री 'द व्हिजिटर' बघितला. मास्तर, ते व्हाइटनरचं तुम्ही आधी सांगितलं नसतं तर निसटलं असतं. मला अजून एक दिसलं ते सांगतो. सुरुवातीला हा पियानो शिकायला बघतो, बायको पियानो वाजवणारी होती म्हणून, आणि शिकवणाऱ्या बाईला सरळ काढून टाकतो. त्याला जमत नाहीये आणि ते त्याला मान्य करायचं नाही. पुढे पार्कमध्ये ड्रमवाल्यांच्या घोळक्यात सुटाबुटात बसून जेंबे वाजवतो तेव्हा पण फार काही भारी वाजवत नाही, पण खांदे वेगळे आहेत. पियानोवर खांदे कानाला लागलेले होते. मी मागे जाऊन दोन्ही सीन परत बघितले.

'शेप ऑफ वॉटर' पण परत लावला, ह्या वेळी फक्त त्याच्यासाठी. पायच्या दुकानातला सीन (पाय म्हणजे तिकडचा गोड पदार्थ, pie). त्याला त्या दुकानदार पोराशी बोलायचं असतं म्हणून रोज न आवडणारी पाय विकत घेतो, फ्रिजमध्ये हिरव्या पायचा ढीग. त्या दिवशी धीर करून त्याच्या हातावर हात ठेवतो, तो पोरगा झटकून टाकतो, आणि त्याच वेळी आत आलेल्या काळ्या जोडप्याला पण हाकलतो. आधी मला वाटलं होतं की ह्या सीनमध्ये जेंकिन्स रडवेला होतो. नाही होत. विस्कटलेला चेहरा नीट करतो, तोंड पुसतो, आणि निघतो. आणि मग थेट हिरॉइनच्या दारात जाऊन सांगतो की तुला मदत करतो. ज्याला आधी साफ नाही म्हणाला होता. तो निर्णय त्याने दुकानातून घरी येईपर्यंत घेतलाय, आणि ते मधलं चालणं सिनेमात दाखवलेलं पण नाही, तरी मला ते दिसलं!

माझ्या खुर्चीचं असं ठरवलंय की जावई बोलतो तेव्हा मी त्याचं ऐकतच नाही, स्वयंपाकघरात भांडी थांबली का ते ऐकतो, म्हणजे बायको तिकडून ऐकतेय का. दिग्दर्शकाला सांगितलेलं नाही. तालमीत काल तो म्हणाला काका आज काहीतरी बरं वाटलं, काय केलं? म्हटलं नुसता बसलो.

पुढे काय बघू? बापाचंच सांगा आता, लाज सोडली.

गल्ली_नंबर_५_धुळे

बापाचंच हवंय तर 'नॉर्थ कंट्री', २००५. मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणीतली गोष्ट, खऱ्या कोर्ट केसवर बेतलेली. चार्लीझ थेरॉन खाणीत कामाला लागते आणि तिथले पुरुष बायकांना छळ छळ छळतात. जेंकिन्स तिचा बाप, त्याच खाणीत जुना कामगार, आणि तो पोरीच्या बाजूने नाही बरं का. त्याला तिचीच लाज वाटते, ती तिथे आलीच का म्हणून. घरात जेवताना तो जे तुटक बोलतो ते बघून राग येतो माणसाचा. सिसी स्पेसेक त्याची बायको, ती शेवटी ह्याला सोडून मोटेलवर राहायला जाते, तेव्हा कुठे ह्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. मग युनियनच्या मीटिंगमध्ये पोरगी बोलायला उभी राहते आणि सगळे तिला हूट करतात, तेव्हा हा उठून तिच्या शेजारी जातो आणि माईक घेतो. भाषण मोठं नाही. जन्मभर ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांना सांगतो की आज पहिल्यांदा मला तुमच्यातला असल्याची लाज वाटते. मास्तर म्हणतात तेच परत, आधी तासभर हा माणूस गप्प होता.

त्याच्यानंतर 'कजिलियनेर', २०२० चा. हा पण बाप, पण असला बाप की पोरीला लहानपणापासून चोऱ्या आणि फसवाफसवी शिकवलीये आणि आलेल्या पैशाचे तीन समान वाटे करतो, प्रेमबिम काही नाही. हेन्री बघून झाल्यावर लगेच हा बघा, चोपड्याच्या ताईंनी पण बघा, एकच माणूस आहे ह्यावर विश्वास बसणार नाही. रावेरकरांना खास सांगणं.

आणि 'बोन टॉमहॉक' पण नक्की. काऊबॉय सिनेमा, कर्ट रसेल शेरीफ आणि हा त्याचा म्हातारा हाताखालचा माणूस, चिकोरी नाव. सतत बडबड. नरभक्षक लोकांनी पिंजऱ्यात कोंडलंय, मरण समोर आहे आणि हा पिसवांच्या सर्कशीची गोष्ट काढतो, खऱ्या पिसवा होत्या की फसवणूक होती. हसू पण येतं आणि पोटात गोळा पण येतो. फक्त एक, हा जेवताना लावू नका आणि वहिनींबरोबर तर अजिबातच लावू नका, त्यातला एक सीन असा आहे की मी अजून वांग्याचं भरीत भाजायला बसलो की आठवतो.